व्हय म्हाराजा म्हणायची घाई

बाबांचं बोलणं मी इथे ठिपके देऊन लिहिणार नाही. अक्षरं तोडून छापली की वाचणारा हसतो, आणि हसला नाही तर कीव करतो. मला दोन्ही नको. म्हणून आधीच सांगून ठेवते: पुढे बाबा जे काही बोलतील, त्यातल्या प्रत्येक वाक्याला तुम्हाला वाचायला लागेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागलेला आहे. कधी शब्द घशातच अडून बसायचा, कधी पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा यायचं, कधी मान एका बाजूला ओढली जायची आणि डोळे मिटायचे. हे सगळं ज्याने त्याने धरून चालावं.

मी वाचा-उपचार करते. परळच्या एका रुग्णालयात मला जिन्याशेजारची एक खोली दिलेली आहे. तिथे अडखळत बोलणारी मुलं येतात, मोठी माणसंही येतात. लग्न ठरायच्या आधी हे ‘बरं करून’ मागणारे येतात, मुलाखतीच्या आदल्या दिवशी उगवणारे येतात. मुलांबरोबर आया येतात आणि मुलांच्या आधी बोलतात. मी मुलाला विचारते, तुझी शाळा कुठली? आई सांगते, दादरला. मी विचारते, आवडता खेळ कुठला? आई सांगते, मॅडम, क्रिकेट. मी ह्याला रोज सांगते हो, सावकाश बोल, श्वास घे, मग बोल. तिसऱ्या प्रश्नाला मी आईला बाहेरच्या बाकावर बसवते. यावरून माझ्या तक्रारी झाल्या आहेत. झाल्या तर झाल्या. लोकांना वाटतं मी दिवसभर जिभेचे व्यायाम घेते. थोडेफार घेतेही, पण माझी खरी मेहनत ऐकणाऱ्यांना गप्प बसवण्यात जाते. वाक्य त्याचं आहे, ते त्यालाच संपवू द्या. पुढचा शब्द तुम्हाला ठाऊक असला तरी तोंडात ठेवा. त्याच्याकडे बघा, घड्याळाकडे नको. एवढंच सांगायचं असतं, आणि एवढंच कोणाला जमत नाही.

दिवसभर हे करून संध्याकाळी मी लालबागला चाळीत घरी यायची, तर घरात बाबा. ते माझे पेशंट कधीच झाले नाहीत. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाले, “घरातल्या माणसान घरातल्या माणसाक तपासूचा नसता.” विषय संपला.

गिरणीत त्यांचं निभावून गेलं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे, सगळे हातवाऱ्यांनीच बोलायचे. गिरणी बंद पडली आणि बाबा आवाज नसलेल्या जगात येऊन पडले. तिथे त्यांनी शब्द चुकवायची कला कमावली. आमच्या घरी पापलेट कधी आलं नाही. लहानपणी मला वाटायचं, परवडत नसेल. पुढे कळलं की बाबांना ‘प’ अडतो. नुसतं बोट दाखवून भागलं असतं, पण कोळणीपुढे मुकाट बोट दाखवून कोणाची सुटका झाली आहे? ती दहा प्रश्न विचारते आणि भाव करायला लावते. ‘मांदेली’ मात्र त्यांच्या तोंडातून सरळ बाहेर पडायची, म्हणून आम्ही मांदेली खाल्ली. बाकी सगळं बोलणं आईच्या अंगावर होतं. वाणी, डॉक्टर, शाळा, घरमालकाचा माणूस, सगळ्यांशी आई बोलायची. ती गेल्यावर बाबा जवळजवळ बोलायचेच थांबले. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मानेने नमस्कार करायचे.

आता गाऱ्हाण्याबद्दल. आमची निम्मी चाळ तळकोकणातली आहे. चाळीचा गणपती मधल्या चौकात बसतो आणि गौरींबरोबर जातो. मूर्ती उचलण्याआधी चाळीतला सगळ्यात वयस्कर बाप्या देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. ते पाठ केलेलं नसतं. रीत ठरलेली असते, मागणी दर वर्षीची वेगळी. कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाची बारावी आहे, कोणाच्या घरात भांडण लागलं आहे, हे सगळं नाव घेऊन देवाच्या कानावर घालायचं. प्रत्येक मागण्याच्या शेवटी तो ‘म्हाराजा’ म्हणतो, आणि चौकातली झाडून सगळी माणसं एका दमात ओरडतात, ‘व्हय म्हाराजा!’ ज्यांना मालवणीचा गंध नाही ते शेजारीही ओरडतात. हा मान मला आठवतंय तेव्हापासून दुसऱ्या माळ्यावरच्या आजोबांकडे होता. मागच्या थंडीत आजोबा गेले. त्यांच्यानंतर वयाने मोठे म्हणजे बाबा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलून दाखवत नव्हतं.

गणपतीच्या तोंडावर मंडळाचा सेक्रेटरी आमच्याकडे आला. विमा विकणारा, हसरा, चाळीतल्या प्रत्येकाच्या अडीअडचणीला धावणारा पोरगा, मला ताई म्हणतो. बाबा समोर बसले होते, पण तो माझ्याकडे बघून बोलायला लागला.

“ताई, गाऱ्हाण्याचं टेन्शन नको घेऊ. सगळं सेट केलंय. मागच्या वर्षीचा आजोबांचा व्हिडिओ होता ना, त्यातून ऑडिओ एकदम क्लीन काढलाय. काकांनी फक्त नारळ घेऊन उभं राहायचं, मी स्पीकरवर लावतो. पब्लिक ‘व्हय म्हाराजा’ म्हणेल. आजोबांना श्रद्धांजली पण होईल. काकांना उगाच त्रास नको.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाचं मागच्या वर्षीचं मागणं देवाला पुन्हा ऐकवायचं, त्यात मागच्या वर्षीची ऑपरेशनं आणि मागच्या वर्षीची बारावी, आणि जिवंत माणसाने खाली मान घालून नारळ धरायचा! मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. त्यांना बोलायचं असलं की ते तसा हात करतात. मी थांबले. सेक्रेटरीला हे ठाऊक नव्हतं, तो आणखी दोन वाक्यं बोलला आणि मग त्याच्या लक्षात आलं.

“रेकॉर्डिंगच लावूचा आसात,” बाबा म्हणाले, “तर मूर्ती कित्याक आणलात? फोटो लावा.” आणि मग, बऱ्याच वेळाने, “गाऱ्हाणा मी घालतलंय.”

सेक्रेटरीने पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “माझ्याकडे काय बघतोस? त्यांनी सांगितलं ना.”

असं ठणकावलं खरं, पण तो गेल्यावर मी घाबरले. अडखळण्याने माणसं कशी मोडतात ते मी रोज बघते. भर चौकात, चाळीतल्या लहानथोरांसमोर, बाबांचा शब्द अडला आणि कोणी हसलं, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाहीत अशी माझी खात्री होती. मी डोकं चालवलं. अडखळणारा माणूस चारचौघांबरोबर एका सुरात बोलला की बहुतेक वेळा अडत नाही, हे आमच्या कामात नेहमी दिसतं. मी बाबांना म्हटलं, आपण गाऱ्हाणं लिहून काढू, त्याच्या प्रती वाटू, सगळी चाळ तुमच्याबरोबर म्हणेल. तुम्ही पुढे, आम्ही तुमच्याबरोबर. एक शब्द अडायचा नाही.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. “तेका आरती म्हणतत,” ते म्हणाले. “आरतीत माका कधीच अडला नाय. पण आरतीत कोण कोणाचा आयकता?”

मग म्हटलं, निदान माझ्यासमोर एकदा म्हणून तरी दाखवा. ते भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभे राहिले, मी मागे पाटावर बसले. सुरुवात बरी झाली. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर ते अडले. मानेची शीर ताणली गेली, खोलीत काही ऐकू येईना, आणि मी, दिवसभर आयांना बाहेर बसवणारी मी, मोठ्याने म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

बाबा वळले. इतकी वर्षं चौकात उभं राहून कानाला सवय झालेली होती. आजोबा मागणं संपवून श्वास घ्यायचे आणि चाळ ओरडायची. आमच्या डोक्यात थांबणं म्हणजे संपणं असं पक्कं बसलेलं. बाबा वाक्याच्या अध्येमध्ये थांबणार, आणि चाळ दर वेळी त्यांच्या वाक्यावर झाकण घालणार. हसायची गरजच नव्हती. मोठ्या भक्तिभावाने सगळ्यांनी मिळून त्यांना गप्प केलं असतं.

मला वाटलं बाबा चिडतील. ते खुर्चीत बसले आणि चक्क हसले. “माका कित्याक शिकवतंस?” ते म्हणाले. “त्येंका शिकव.”

मग मी चाळीलाच शिकवायचं ठरवलं. गणपती बसला त्याच संध्याकाळी आरती झाल्यावर, प्रसाद वाटायच्या आधी, मी माईक हातात घेतला. प्रसादाच्या आधी अशासाठी, की नंतर कोणी उभं राहत नाही. म्हटलं, या वर्षी गाऱ्हाणं बाबा घालणार आहेत. ते मध्ये मध्ये थांबतील. थांबले म्हणजे विसरले नाहीत, त्यांना चक्कर आलेली नाही आणि मागणं संपलेलंही नाही. कानावर ‘म्हाराजा’ पडला की ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. तोपर्यंत गप्प राहायचं. शब्द सुचवायचे नाहीत. मोबाईलवर शूटिंग करायचं नाही. त्यांच्याकडे बघायचं.

“किती वेळ थांबायचं, ताई?” मागून कोणीतरी विचारलं.

“लागेल तेवढा.”

“पण ढोल-ताशा पथकाला पाचची वेळ दिलीय,” सेक्रेटरी म्हणाला. “नंतर रस्ता पॅक होतो.”

“मग पथकाला सांग, सहाला या.”

तळमजल्यावरच्या मावशी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. त्यांच्या तोंडाला सगळी चाळ वचकून असते. “आमका कळता गो. आमी काय शाळेतली पोरां?”

“बघू तरी,” मी म्हटलं, आणि खोटं गाऱ्हाणं घालायला लागले. पहिलं मागणं नीट म्हटलं, नीट जबाब आला. दुसऱ्याच्या मध्येच मी मुद्दाम थांबले. अख्खा चौक ओरडला, ‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यात मोठा आवाज मावशींचा. हशा पिकला. मावशीही पदर तोंडाला लावून हसल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा निम्मे फसले. रोज आरतीनंतर आमचा हा खेळ चालायचा. पोरं एकमेकांना पकडून द्यायला लागली, जो आधी ओरडेल त्याला प्रसाद शेवटी. मी वर बघायची. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसलेले असायचे, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर काहीच नाही.

पण त्यांचं स्वतःचं काम वेगळंच सुरू होतं, ते मला शेजारणीकडून कळलं. मी कामावर गेले की बाबा घरोघर जात होते. आजोबांना असं जावं लागत नसे. ते दिवसभर माणसांत गप्पा मारत बसायचे, त्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. बाबांना कोणाचंच काही माहीत नव्हतं, कारण ते कोणाशी बोललेलेच नव्हते. म्हणून ते प्रत्येक दारात उभे राहून विचारत होते, “तुमच्यासाठी काय मागूचा आसा?” कित्येकांनी त्यांचा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकला. काही दारांत ते एवढे अडले, की आतल्या बाईने घाबरून खुर्ची आणून दिली. ते बसले, प्रश्न पुरा केला, उत्तर ऐकून घेतलं आणि पुढच्या दाराकडे गेले. शेजारीण सांगत होती आणि मी भाजी निवडता निवडता हात थांबवून ऐकत होते. माझ्या रुग्णालयातल्या कुठल्याही पेशंटने हे केलं असतं तर मी सगळ्या मजल्यावर पेढे वाटले असते. संध्याकाळी मी फक्त बाबांच्या पायांना तेल लावून दिलं.

विसर्जनाच्या दिवशी चौक भरला होता. पाटावरची मूर्ती जरा हलवून ठेवली होती, बाहेर गाडी सजून उभी होती, आणि सहाला या म्हटलेलं पथक साडेपाचलाच फाटकात येऊन ढोल आवळत बसलं होतं. बाबांनी पांढरा सदरा घातला होता, डोक्याला टोपी. विडा आणि नारळ देवापुढे ठेवून त्यांनी हात जोडले. सेक्रेटरीने माईक पुढे केला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला.

“बा देवा म्हाराजा!”

सरळ. एकाही अक्षराला धक्का न लागता. ‘व्हय म्हाराजा!’ चौक एवढ्या जोरात ओरडला, की गॅलरीतली कबुतरं उडाली.

“आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत,” आणि इथे बाबा अडले. मागे दोनचार जणांच्या तोंडून ‘व्हय’ निसटलंच. मावशी गर्रकन वळल्या. “गप रवा रे! अजून त्येंचा झाला नाय!” बाबांनी मागे बघितलंसुद्धा नाही. वाक्य पहिल्यापासून घेतलं, पुन्हा अडले, तिथेच उभे राहिले आणि शेवटाला नेलं. “त्येंका सुखात ठेव रे म्हाराजा!”

‘व्हय म्हाराजा!’

मग ते एकेक घर घेत गेले. बाळंतपणाला गावी गेलेली सून. डोळ्याचं ऑपरेशन झालेले काका. नोकरी सुटली आहे हे ज्याने घरात सांगितलं नव्हतं त्याचं नाव त्यांनी घेतलं, पण नोकरीचा उल्लेख केला नाही, नुसतं ‘ह्याची वाट मोकळी कर’ म्हणाले. हे मला नंतर समजलं. बाबा अडत होते, भरपूर अडत होते. पण चौक थांबत होता. अडलेल्या शब्दापाशी सगळ्यांचे श्वास एकदम रोखले जात आणि ‘म्हाराजा’ आला की एकदम सुटत. जबाब आजोबांच्या वेळेपेक्षा मोठा येत होता.

एका मागण्याच्या मध्ये बाबा बरेच अडले. फाटकातलं पथक बाहेरगावचं होतं, त्यांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, झालं. ताशा कडाडला, ढोलावर पहिली टिपरी पडली, आणि सगळी चाळ एकदम फाटकाकडे वळून ओरडली, “ए, गप!” पोरंटोरं, म्हाताऱ्या, गॅलरीतले, जिन्यातले, सगळे. सेक्रेटरी दोन्ही हात पसरून फाटकाकडे धावला आणि ताशावर स्वतःचा तळवा दाबून उभा राहिला. ताशेवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आईला हे बघायला मिळायला हवं होतं. बाबा पूर्ण शांतता होईपर्यंत थांबले. मग जिथे वाक्य सोडलं होतं तिथून उचललं.

शेवटी चाळीतली सगळी घरं झाली. आमचं एकच राहिलं. मला वाटलं, आता ‘आणि माझी बाय’ म्हणतील आणि संपवतील.

बाबा मला बाय म्हणतात. माझं नाव ‘क’ने सुरू होतं, आणि ‘क’ त्यांना ‘प’सारखाच अडतो, नावात तर जास्तच. ते आत्याने ठेवलं, रीतीप्रमाणे, बारशाला माझ्या कानात सांगून. तिला आवडलेलं नाव होतं. भावाला काय अडतं याचा विचार त्या गडबडीत कोण करणार? शाळेत नाव आईने घातलं, निकालाला हाक आईने मारली, रस्त्यावर खेळताना आईनेच बोलावलं. बाबांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि मला त्याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं. कारण मला माहीत होतं.

त्यांनी तोंड उघडलं आणि मला ‘क’ दिसला. मला तो दिसतो, माझं कामच ते आहे. जीभ मागे टाळूला चिकटलेली, गळा बंद, हनुवटी थरथरणारी. माझं नाव तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मावशींच्या ओठांवर आलेलं मी बघितलं, त्यांनी ओठ दाताखाली धरले. फाटकात सेक्रेटरी तसाच ताशावर हात दाबून उभा होता आणि बाबांकडे बघत होता. रस्त्यावरून दुसऱ्या कुठल्या तरी गणपतीचा गजर येत होता. आमच्या चौकात कोणी हूं की चूं केलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, बाय म्हणा, देवाला कळतं. मी तोंड घट्ट मिटून धरलं. वाक्य त्यांचं होतं.

पहिलं अक्षर तुटत तुटत आलं, मग सगळं नाव आलं. पूर्ण. त्यांच्या आवाजात ते मला अगदी अनोळखी वाटलं, आणि फार सुंदर.

“ही माझी पोर,” बाबा देवाला म्हणाले. “हिका मी आजपर्यंत नावान हाक मारूक नाय. आज तुझ्यासमोर मारलंय. हिका सुखी ठेव रे म्हाराजा!”

अख्खी चाळ म्हणाली, ‘व्हय म्हाराजा!’

मी म्हटलं, “ओ, बाबा.”